मावशी घरी आल्या

जय ख्रिस्त! उपासनेहून आल्या आल्या लिहितोय, मन भरून आलंय.

गेल्या आठवड्यात तरुण संघाच्या वर्गणीवरून मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका भावाला नको ते बोललो. सगळ्यांदेखत. काल संध्याकाळी मंडळीतल्या एक मावशी दारात उभ्या. दोन जिने चढून दम लागलेला, पिशवीत मेथीची जुडी. आईबरोबर मेथी निवडत बसल्या. आई चहा टाकायला आत गेली तशा हळूच म्हणाल्या, "बाळा, तू चुकलास. हे मी दुसऱ्या कोणाजवळ बोलले नाही, बोलणारही नाही."

भावाचा अपराध त्याला एकांतात दाखव, हे बायबलमधलं वचन, मत्तय 18:15, मला लहानपणापासून पाठ. मी नेमकं उलटं केलं होतं, आणि मावशींनी ते माझ्याच बाबतीत पाळलं. आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आज प्रभुभोजनाचा रविवार, प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा. भाकर हाती घेण्याआधी त्या भावाला दाराशीच गाठलं, क्षमा मागितली. त्याने माझा हात घट्ट धरला. म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून हिशेब दोघं मिळून लिहू." बोललो ग्रुपवर होतो, म्हणून माफीही तिथेच लिहिली.

मंडळीत कोणी चुकलं की मागे कुजबुज होते, नाहीतर सगळे गप्प. जिने चढून येणारं माणूस विरळाच.

मावशी आज माझ्याच बाकावर होत्या. काही विचारलं नाही. गीतपुस्तक उघडून माझ्याकडे सरकवलं, गीतावर बोट ठेवून.