कुणी विचारलं नाही

बुधवार. रात्रीचे साडेदहा. पाऊस आहेच.

सोमवारी कोल्हापूरला जाऊन आले. आज बुधवार संपला, तरी कोल्हापूरला कशाला गेला होता, असं मला एकाही माणसानं विचारलेलं नाही.

लिहून बघितलं तर अगदीच फालतू दिसतंय. पण दोन दिवस तेच घशाशी अडकलंय. भात खाताना अडकतं, पासबुकावर शिक्का मारताना अडकतं.

आजऱ्यात ज्यानं चार दिवस काढलेत त्याला वेगळं सांगायला नको. स्टँडवर पिशवी घेऊन उभं राहिलं की आधी "कुठं निघाला?", मग "कशाला?", मग "एकट्याच?" आणि गाडीत पाय ठेवता ठेवता "कवा येणार?" मागे चिनूच्या चष्म्याची काडी बसवायला गडहिंग्लजला गेले होते, तर संध्याकाळी तिघांनी विचारलं, "बसली का काडी?" त्यातल्या एकाचं तर मला नावही ठाऊक नाही. नगरपंचायत होऊन इतकी वर्षं झाली, चौकश्या मात्र अजून ग्रामपंचायतीच्याच.

आणि सोमवारी? गाडीत पाच ओळखीची डोकी होती. कंडक्टरनं अर्धं तिकीट काढून हातात दिलं. (2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून जाऊबाईंच्या मते आम्हाला कोल्हापूरला जायला कारणच लागत नाही.) मी तर उत्तरही घडवून ठेवलं होतं. मिरजेची मावशी, तिची नात, नातीची सोयरीक, मुलगा कोल्हापुरातला, म्हणून आधी नुसतं घर बघून यायचं. कुठून टोचलं तरी फुटणार नाही असं पक्कं खोटं. उत्तूर मागं पडलं, निपाणी आली, कुणी काही विचारलंच नाही. पुढच्या सीटवरच्या सुताराच्या आईनं मागं वळून एकदा बघितलं आणि खिडकी माझ्या बाजूनं पाऊस येतोय म्हणून ओढून घेतली. बस्स.

तेव्हा हायसं वाटलं. काय मूर्ख मी.

खरं तर कोल्हापूरला जायची वेळच येऊ द्यायची नव्हती. मनाच्या दुखण्यासाठी सरकारचा तो 14416 नंबर, टेलि-मानसचा, 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. मे महिन्यात एकदा लावायला घेतला. पण बोलायचं कुठं? माजघरात सासूबाई. परसात गेलं तर पलीकडे आक्कांचं न्हाणीघर, मधे विटांची नुसती एक भिंत. शेवटी एका दुपारी रामतीर्थावर गेले. हिरण्यकेशीला पाणी कमी होतं, माणूस नव्हता, रेंज होती. नंबर दाबला. पलीकडे उचलला जायच्या आत मागून, "वैनी, इकडं कुठं? चालत आलासा?" फोन कट करून मी म्हटलं, देवाला. त्यानं मोटारसायकल वळवली आणि मला घरापर्यंत आणून सोडलं. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

तर काल. दोन गोळ्यांतली एकच कोल्हापुरात मिळाली, दुसरी इथं घ्यावी लागली. एरवी आमचा मेडिकलवाला चिठ्ठी हातात घेतली की मोठ्यानं वाचतो. गेल्या वर्षी माझ्या पित्ताचं औषध त्यानं तीन गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून विचारलं होतं, "वैनी, करपट ढेकर येत्यात काय?" काल त्यानं चिठ्ठी बघितली. डॉक्टरचं नाव, नावाखालची डिग्री. ओठ हलले नाहीत. आत गेला, कात्रीनं पट्टी कापली, चिठ्ठीच्या मागं शिक्का मारला. आणि मग खाकी पाकीट समोर पडलेलं असताना त्यानं गल्ल्याखालचं वर्तमानपत्र फाडलं. पट्टी त्यात गुंडाळली, उलटी करून परत एकदा गुंडाळली, वर रबर लावलं. बायकांचं 'ते' पाकीट देतात तसं. "ही रात्रीची," एवढंच म्हणाला. माझ्याकडे न बघता. सुट्टे पैसेही त्यानं हातात न देता काचेवर ठेवले.

त्या कागदानंच घोळ केला. नुसत्या पाकिटात दिली असती तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

रात्री त्यावरच जागी होते. गोळी घेऊनही. (आठ-पंधरा दिवस धीर धरा, लगेच गुण येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.) कुणी विचारत नाही याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. नुसतं ठाऊक नाही, त्यांचं आपापसात ठरलंय. कुठंतरी पारावर, पिठाच्या गिरणीत, माझा विषय निघाला, मिटला आणि निकाल लागला की हिला विचारायचं नाही. ज्या गावात मांजर व्यालं तरी लोक बघायला येतात, तिथं मी अशी काय झाले की मला विचारायचंही नाही? चोवीस वर्षं झाली मिरजेहून येऊन. इथल्या बायकांसारखं 'मी गेलो, मी आलो' एवढं तोंडात बसलं नाही, बाकी सगळं बसलं. आणि आता एकदम पाहुणी.

पुण्यातही कुणी विचारत नाही. चिनूकडे पंधरा दिवस होते तर लिफ्टमध्ये लोक आकड्यांकडे बघत उभे. पण त्यांना काही माहीतच नसतं. माहीत असून न विचारणं फार वेगळं. ते अंगावर येतं.

चिनूचं म्हणणं तेच, आई, इकडे ये, इथे दहा मिनिटांवर डॉक्टर आहेत. आहेत. मला जायला-यायला पाच तास आणि एक रजा लागते. ते नाकारत नाही. पण ह्यांच्या त्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, मी कुणालाही फोन केला नव्हता आणि दारात चार गाड्या उभ्या होत्या. जाऊ दे.

आज कामावर मात्र एक झालं. झालं म्हणजे नवीन काही नाही. दुपारी अडीचला पतसंस्थेत सामसूम असते. त्या वेळेला एक बाई आल्या. छत्री दाराशी टेकवली, इकडेतिकडे बघितलं, कमरेची पिशवी सोडली. आत रुमाल, रुमालात दोन पाटल्या. मी खुर्ची पुढं सरकवली. सराफाला हाक मारली, त्यानं कसोटीवर घासून बघितलं, वजन सांगितलं, मी लिहून घेतलं. पिशवी सीलबंद केली, दोघींच्या सह्या झाल्या. सगळ्या वेळात मी एकच वाक्य बोलले, "पाऊस लई लागलाय न्हवं यंदा." पैसे का पाहिजेत, हे मी विचारत नाही. बावीस वर्षं या खुर्चीत बसून एकदाही विचारलं नाही. बाजारात समोर आल्या तर मुद्दाम कोथिंबिरीचा भाव काढते. गावातल्या निम्म्या लग्नांत कुणाच्या गळ्यात काय नाही आणि ते का नाही, हे मला ठाऊक असतं. मी आहेरावर नजर ठेवून जेवून येते.

त्या गेल्यावर पावतीचं दुसरं पान फाडताना हात थांबला. मला आजवर वाटायचं, हा माझा चांगुलपणा. त्यांना काय वाटत असेल? घरी जाऊन त्याही अशाच जागत असतील का, की ही बया पावसावर का बोलली?

आणि मेडिकलवाला... त्याच्या घरचं काय काय आमच्या तिजोरीत आहे ते मी इथं लिहिणार नाही. रोजनिशी असली तरी. पण मुदत वाढवायला तो आला होता तेव्हा मीसुद्धा त्याच्याकडे न बघता पेन काचेवर ठेवलं होतं, हे आता आठवतंय. फिट्टंफाट म्हणायची की काय!

घरी आले, चपला काढतेय तोवर भिंतीपलीकडून आक्का. ऐंशीच्या पुढं वय, कानानं कमी, त्यामुळे आवाज चढा. "अगंऽ, ती गोळी जेवणाआधी का नंतर?"

मी दारातच. पायात एक चप्पल.

"कुठली गोळी?"

"कागदातली गं!"

म्हणजे कागदापर्यंत बातमी पोचली होती. हसावं की रडावं कळेना, म्हणून चहा ठेवला. मग चुलीशी उभी राहून वाटा शोधत बसले. मेडिकलवाला बोलला नसणार, त्याला बोलणं परवडत नाही. दुकानात उभी होती ती तलाठ्याची बहीण? तिनं कागद बघितला, आत काय ते नाही. सोमवारी कोल्हापुरात सीपीआर दवाखान्याजवळ रिक्षात बसताना मला हाक मारल्यासारखं वाटलं होतं, ते कोण? की सुताराची आई? खिडकी ओढून घेतली तेव्हा तिला ठाऊक होतं की नुसता पाऊस होता? सासूबाई तर घराबाहेर पडत नाहीत. मग ध्यानात आलं, आक्कांच्या न्हाणीघराची भिंत. मे महिन्यात मी परसात हळू आवाजात चिनूशी बोलले होते. बाई कानानं कमी म्हणून मी बिनधास्त होते.

वाटी घेऊन त्यांची नात आली. घनसाळचा मऊ भात, वर तूप, कडेला लिंबाचं लोणचं. 2016 ला या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावभर केवढं कौतुक चाललं होतं, आणि आक्का म्हणाल्या होत्या, सरकारला आत्ता वास आला होय? झाकण काढलं की ओसरीपर्यंत घमघमाट. खाल्लं. दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं, हे कबूल करते.

कालचा तो कागद अजून ओट्यावरच होता. टाकायला गेले तर त्यात हत्तीची बातमी. टस्करानं कुणाच्या केळी मोडल्या, उसात रात्र काढली, पहाटे जंगलाकडे गेला. आमच्या तालुक्यात हे नवीन नाही. तो रात्री कुठं होता, काय खाल्लं, कुठल्या वाटेनं गेला, सगळं सकाळी चहाबरोबर माहीत असतं. फक्त जवळ जाऊन त्याला कुणी विचारत नाही, बाबा, काय होतंय तुला? लांब उभं राहून वाट सोडतात. फार तर कुणीतरी हात जोडतं.

तर मी गावचा हत्ती. खिडकी ओढून घेतात, सुट्टे काचेवर ठेवतात. अंगानंही तशीच होत चाललेय, जाऊबाईंना विचारा.

तरी पण. हे लिहून झालं तरी ते पूर्ण गेलं असं नाही. उद्या स्टँडवरून जाताना पुन्हा बघणार, कुणी विचारतंय का. मावशीच्या नातीची सोयरीक तशीच न वापरलेली पडून आहे. चांगली होती. कुणाला तरी ऐकवायला पाहिजे.

लाईट गेली. मेणबत्ती सापडेना, मोबाईलच्या उजेडात लिहितेय. कौलांवर पाऊस असा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. तरी आलंच.

"घेतलीस काऽ?"

"घेतलीऽ," मी ओरडून सांगितलं. समोरच्या माडीवर कुणीतरी खिडकी लावली.