मॅसी १०३५ ची दुरुस्ती : साडेसतराच्या पान्याचा शोध

बॉनेट, मडगार्ड आणि डिझेलची टाकी उतरवून झाल्यावर आजोबांच्या मॅसी फर्ग्युसन १०३५ चे इंजिन उघडायला घ्यायचे ठरले होते. प्रत्यक्षात गेल्या ५ रविवारांतला बराचसा वेळ नट-बोल्टांचे पाने (स्पॅनर) शोधण्यातच गेला. जुना मॅसी, फोर्डसन किंवा बी-२७५ ट्रॅक्टर उघडणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते, म्हणून सविस्तर नोंद करून ठेवत आहे.

आमच्या पलूस तालुक्यातल्या घरी ६-७ पासून ३०-३२ पर्यंत मिलिमीटरचे सगळे पाने आहेत. ट्रॅक्टरचा मूळ आराखडा मात्र इंग्लंडचा आहे, त्यामुळे त्याचे नट इंचाच्या मापाचे आहेत. फसगत होते ती काही मापे योगायोगाने जुळतात म्हणून. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९ चा पाना बसतो. ५/८ इंचाला १६ चा आणि १५/१६ इंचाला २४ चा पाना चालून जातो. पण ९/१६ म्हणजे १४.२९, तिथे १४ चा जात नाही आणि १५ चा फिरतो. ११/१६ म्हणजे १७.४६, तिथे १७ चा जात नाही आणि १८ चा अर्धा मिलिमीटर ढिला पडतो. आमच्या ट्रॅक्टरवर ज्या नटांचे कोपरे झिजून गोल झाले आहेत, ते जवळजवळ सगळे याच दोन मापांचे निघाले. ऊस तुटायला आलेला असताना रात्री रानात ट्रॅक्टर बंद पडला, तर हाताला लागेल तो पाना लावावाच लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याबद्दल कुणाला दोष देण्याचे कारण नाही.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले अण्णा यांच्यामुळे पुढचा गोंधळ टळला. नट हातात घेऊन ते म्हणाले, “बोल्ट सुतात वळखायचा, पण पाना डोक्याच्या मापाचा घ्यायचा.” ८ सुतांचा एक इंच होतो आणि सूत हे बोल्टच्या दांड्याच्या जाडीचे माप आहे. दोन सुती बोल्टला ७/१६ चा पाना लागतो, अडीच सुतीला १/२, तीन सुतीला ९/१६, चार सुतीला ३/४ आणि पाच सुतीला १५/१६. साडेतीन सुतीचे प्रकरण थोडे वेगळे आहे, कारण त्याच्या बोल्टचे डोके ५/८ चे आणि नट मात्र ११/१६ चा असतो. एकाच जोडीला दोन वेगळे पाने का लागत होते, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

एवढे कळल्यावर मागच्या ड्रॉबारजवळ (औजार ओढायच्या दांड्याजवळ) नवेच कोडे पुढे आले. तिथल्या तीन सुती बोल्टवर ९/१६ चा पाना चढेना. तारेच्या ब्रशने गंज काढून व्हर्नियर मापकाने मोजले, तर डोके १८.०३ मिलिमीटर भरले. हे व्हिटवर्थचे माप आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेल्या या पद्धतीत पान्यावरचा आकडा डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून ३/८ असे कोरलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड १८ मिलिमीटरचे असते. ज्या १८ च्या पान्याने ११/१६ चे नट खराब केले, तोच पाना इथे अगदी नेमका बसला. कधीकाळी मूळ बोल्ट तुटल्यावर बाजारात मिळाला तो बसवला गेला असणार.

खरे नुकसान आट्यांचे झाले आहे. तीन सुती जाडीला व्हिटवर्थ आणि मॅसीचे जाड आटे दोन्ही इंचाला १६ येतात. आट्यांचा कोन एकीकडे ५५ अंश आणि दुसरीकडे ६० अंश असला तरी बोल्ट आत शिरतो आणि चूक लपून राहते. चार सुतीला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि मॅसीचे १३ आटे असतात. आमच्या ॲक्सल हाउसिंगच्या एका छिद्रात असा बोल्ट जोराने पिळून घातलेला निघाला आणि बिडातले आटे त्याच्याबरोबरच बाहेर आले. ते छिद्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन, मोठे करून, त्यात आट्यांची बुशी बसवून घ्यावी लागेल.

पाने मात्र हळूहळू जमले. सांगलीत गणपती पेठेतल्या दोन दुकानांत फक्त मिलिमीटरचेच पाने होते. १/२-९/१६ चा फिक्स पाना आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगात, मातीने भरलेल्या तोंडासह मिळाला. ५/८-११/१६ चा रिंग पाना आमच्याच विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला होता. तिथल्या जुन्या पंपाचे नटही इंचाचेच आहेत. तो हातात आल्यावर फार आनंद झाला, कारण ११/१६ हे फर्ग्युसनच्या औजारांचे मुख्य माप आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या ट्रॅक्टरबरोबर येणारा पाना ११/१६ आणि १ १/१६ या दोन मापांचा असे, आणि त्याच्या दांड्यावर इंचाच्या खुणा असत, म्हणजे नांगराची रुंदी आणि टाकीतले इंधनही त्यानेच मोजता येई.

तो सापडण्याआधी मी १७ चा एक जुना फिक्स पाना कानशीने घासून साडेसतराचा करून घेतला होता. हलक्या नटांना तो चालतो, पण गंजून बसलेल्या नटाला लावू नये, तोंड उघडते. तिथे सहा कोनी गोटीच (सॉकेट) हवी. बारा कोनी गोटी झिजलेल्या कोपऱ्यांवरून सटकते.

सध्या इंजिनच्या मॅनिफोल्डचे (हवा-धुराच्या नळीचे) ४ नट डिझेल आणि रॉकेलच्या मिश्रणात भिजत ठेवले आहेत. १ १/८ इंचाची गोटी अजून मिळालेली नाही. ते माप २८.५८ मिलिमीटरचे आहे आणि घरातला २९ चा पाना जवळजवळ बसतो, पण तो लावायचा नाही, असे वडिलांनी आणि मी ठरवले आहे.