माझी मी

गुरुवार, रात्री पावणेअकरा

सकाळी मी डबा भरत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. लोणच्याच्या कैऱ्या आणायला मंडईत निघालेय म्हणाली. "एकटी कशाला जातेस? शनिवारी मी येते की बरोबर." तर म्हणते, "एकटी काय त्यात? माझी मी जाते." आणि फोन ठेवला.

दिवसभर ते शब्द मनातून जाईनात. मी सोबतीबद्दल बोलत होते आणि तिने उत्तर दिलं ते मदतीबद्दल. 'एकटी' म्हणजे बरोबर कोणी नाही. 'माझी मी' म्हणजे कोणी धरून न्यायला लागत नाही. आपण बोलताना हे दोन्ही एकात एक मिसळून टाकतो, निदान मी तरी टाकते. बाबा गेल्यापासून आई कुठे निघाली की माझ्या तोंडी पहिला शब्द 'एकटी' असाच येतो. तिच्या तोंडून तो मी कितीदा ऐकलाय, आठवून पाहिलं. एकदाही नाही.

आणि ही 'माझी मी'ची रचना किती सुरेख आहे. जाण्यायेण्याचं असेल तर ती माणसाप्रमाणे चालते: आई म्हणते 'माझी मी जाते', बाबा म्हणायचे 'माझा मी जातो'. काही करायचं असेल तर मात्र त्या वस्तूप्रमाणे. 'माझा मी चहा करून घेते' असं आई म्हणते, तेव्हा तो 'माझा' चहासाठी असतो. कुणी शिकवलेलं नसतं, तरी बोलताना चुकत नाही. बहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. परवा चपलेचा पट्टा लावत बसला होता. चिकटपट्टी दुमडून आपल्यावरच चिकटत होती, सोडवायची, परत तेच. मी हात पुढे केला तर ढकलून ओरडला, "मादं मी!" वाक्यं अजून जुळत नाहीत त्याची, पण हे जुळतं.

तेच शब्द दुसऱ्याने आपल्याला म्हटले की लागतात. बाबांच्या आजारपणात एका कार्यालयाच्या खिडकीशी दीड तास उभं राहिल्यावर आतून उत्तर आलं होतं, "कागदपत्रांचं तुमचं तुम्ही बघा." मला रडू फुटलं. आईने खिडकीतून फाइल ओढून घेतली, पिशवीत घातली आणि म्हणाली, "चल, आपलं आपण बघू." तेव्हा घाईत लक्षात आलं नाही, आज येतंय. तिने 'आम्ही' म्हटलं नाही, 'आपण' म्हटलं. मराठीत 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो. कोणाची मदत नाही, पण दोघी आहोत, हे तिने तीन शब्दांत सांगितलं होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहीत बसले. एकटंदुकटं: हा बायकांना बजावताना वापरायचा शब्द. लहानपणी पर्वतीवर 'एकटंदुकटं जाऊ नका' हे इतकं ऐकलंय की दुकटं म्हणजे दोघं असूनही ते पुरेसं का नाही, हा प्रश्न कधी पडलाच नाही. आज पडला. एकहाती, एकपात्री: या दोन्हींत कौतुक आहे. एकपात्री प्रयोगाला रंगमंचावर माणूस एकच, पण समोर प्रेक्षक लागतातच. एकल: हा अर्जांतला, योजनांतला शब्द. एकाकी मला बाकी सगळ्यांपासून वेगळा वाटतो, तो करण्याचा शब्दच नाही. एकाकीपणे पोळ्या केल्या, असं कोणी म्हणणार नाही. पोळ्या एकट्याने होतात.

आणि एकांत. तुकोबांनी झाडावेलींना सोयरे म्हटलं, त्याच अभंगात हा शब्द आहे, एकांत रुचतो म्हणून. देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर ते बसत. म्हणजे एकांतातही त्यांच्याभोवती सोयरे होतेच, पाखरं होती. आमच्या घरी हा अभंग बाबा म्हणायचे, तेव्हा त्यातला एकांत मला उदास वाटायचा. आता वाटत नाही.

ऑफिसमधून परस्पर आईकडे गेले. ती मेट्रोने गेली होती. आयडियल कॉलनीला बसून, न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलून मंडई. ते स्थानक जमिनीखाली तेहतीस मीटर आहे, सरकत्या जिन्यांवरून उतरतच राहावं लागतं. मला भीती होती ती तिथलीच. "जिना मोठा आहे हो," एवढंच म्हणाली, पण चेहरा फुलला होता. तीन किलो राजापुरी आणल्या होत्या. मंडईत फोडून देतात, पण तिने फोडून घेतल्या नव्हत्या. "तिथे पुसत नाहीत नीट. पाण्याचा अंश राहिला की लोणचं गेलं."

ओट्याखालून तिने बाबांचा अडकित्ता काढला, लाकडी पाटावर बसवलेला मोठा. दरवर्षी कैऱ्या ते फोडायचे, आई फोडी पुसून मीठ-हळद लावायची. गेल्या वर्षी लोणचं घातलंच नव्हतं. तिने एक कैरी पात्याखाली धरली आणि मूठ दाबली. पातं साल कापून बाठीवर अडकलं. दोन्ही हातांनी दाबली, अंगाचा भार टाकला. तरी नाही. कैरी तशीच अर्धी चिरलेली, तिच्यातून पांढरा चीक ओघळून पाटावर आला.

मी काहीच बोलले नाही. सकाळचं आठवत होतं.

तिने मूठ सोडली, मनगट चोळलं आणि जरा सरकून मला जागा केली.

"हे मात्र माझं मला नाही व्हायचं. तू दाब, मी धरते."