नारळीकरांचा उजव्या सोंडेचा गणपती, ट्रेसिंग पेपरवर

खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांचा जन्म १९३८चा, कोल्हापूरचा. आपल्या बेळगावहून शंभरेक किलोमीटर. शिक्षण बनारसला, मग केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याकडे संशोधन, १९७२ला टीआयएफआर ही मुंबईची मूलभूत संशोधन संस्था, १९८८ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. विज्ञानकथेकडे ते पस्तिशीत वळले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी केलेली! अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची. पहिले बक्षीस मिळाले.

खानापूर-निपाणीकडची मुले विज्ञानकथा लिहायला बसली की यंत्रमानव, परग्रह, कालयंत्र सगळे एकाच कथेत कोंबतात. नारळीकर एकच अचाट गोष्ट गृहीत धरतात आणि तिचे परिणाम कसोशीने मांडतात. त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा वर्गात घ्यायची असेल तर आधी मोबियस पट्टी करा.

ट्रेसिंग पेपरची २७ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद पट्टी कापा. एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि २ सेंमी एकमेकांवर चढवून चिकटवा. वेढा २५ सेंमीचा होतो. आता दर ५ सेंमीवर डाव्या सोंडेचा गणपती काढत पुढे सरका, मुकुट कायम पुढच्या दिशेला. सहावा गणपती बरोबर पहिल्याच्या पाठीमागे येतो. पहिल्याच्या बाजूने कागदातून पाहा: सोंड उजवीकडे!

फसते ते दोन ठिकाणी. पूर्ण पीळ पडला तर सोंड जागची हलत नाही. मुकुट पट्टीच्या कडेकडे ठेवला तर गणपती खाली डोके वर पाय येतो आणि मुलांना सोंडेचे काही कळतच नाही. साधा जाड कागद तर घेऊच नका, आरपार दिसले पाहिजे.

कथेत असाच माणूस उलटतो, उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होतो. इथे मुलांना पुढचे विचारा. त्याच्या शरीरातला रेणूनरेणू आरशातला झाला, मग आपला कुंदा, बेळगावची ही गोड मिठाई, त्याला पचेल का? नाही. साखर सुलट, पचवणारी विकरे (एन्झाइम) उलट. पोटभर खाऊनही तो उपाशीच. त्याला वाचवायचे तर आणखी एक फेरी हवी. पट्टीवर पुढे पाच गणपती काढा: अकरावा नेमका पहिल्यावर बसतो, सोंड पुन्हा डावीकडे.