सॅक्रामेंटोच्या आमदारांमुळे आलेले पत्र

2006 च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आमच्या भाड्याच्या घरी, पिझ्झाच्या कूपनांच्या गठ्ठ्यातून एक पांढरे पाकीट निघाले. दोन वर्षांपूर्वी मी जिथे नोकरी केली होती, त्या कंपनीने अत्यंत नम्र भाषेत कळवले होते की, तिच्या एका कर्मचाऱ्याचा लॅपटॉप गाडीतून चोरीला गेला असून माझे नाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकेत जागोजागी ओळख पटवायला वापरला जाणारा सरकारी क्रमांक, त्यात होता. आधी संताप आला. तो ओसरल्यावर मात्र नवल वाटले, कारण आपल्या नामुष्कीची बातमी स्वखर्चाने तिकीट लावून घरोघर पाठवणारी कंपनी मी तोवर पाहिली नव्हती. त्या नम्रतेमागे कॅलिफोर्नियाचा एक कायदा उभा आहे, हे शेजारच्या वकिलीण बाईंनी सांगितले आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या राज्यांच्या आमदारांनी इंटरनेटशी घातलेली झटापट वाचण्याचा मला नाद लागला.

त्या कायद्याचा जन्म मोठा बोलका आहे. एप्रिल 2002 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या संगणक केंद्रात, सरकारी पगारपत्रके ठेवलेल्या संगणकात कोणीतरी शिरले. सुमारे 2 लाख 65 हजार कर्मचाऱ्यांची नावे आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक तिथे होते, आणि पगारपत्रकावर आमदारही असल्यामुळे त्यांचेही होते. प्रकार मे महिन्यात लक्षात आला आणि कर्मचाऱ्यांना कळवायला त्यानंतरही काही आठवडे गेले. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण राज्याची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटोला ठाऊक नसेल. पण स्टीव्ह पीस आणि जो सिमिटियन या दोन आमदारांनी पुढे नेलेली तरतूद त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंजूर झाली आणि 1 जुलै 2003 पासून अमलात आली. राज्यातील रहिवाशाची अशी माहिती परक्या हाती गेली, किंवा गेल्याचा सयुक्तिक संशय आला, तर विनाकारण विलंब न करता त्याला कळवायचे, एवढेच तिचे सार होते. माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असेल तर सूट होती. लॅपटॉपला कोणते कुलूप घालावे, कोणत्या कंपनीचे घालावे, यात कायदा पडला नाही; कुलूप नसेल तर चारचौघांत सांगावे लागेल, एवढेच त्याने सांगितले.

हे शहाणपण राज्यांना पहिल्या फटक्यात सुचले नव्हते. 1996 साली, म्हणजे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली त्याच वर्षी, अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याच्या विधानसभेने एक कायदा केला. संगणक जाळ्यावरून माहिती पाठवताना स्वतःची खोटी ओळख देणारे नाव वापरणे, तसेच एखादे बोधचिन्ह किंवा राजमुद्रा वापरण्याची परवानगी आपल्याला आहे असा खोटा भास निर्माण करणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. शिक्षा 12 महिन्यांपर्यंत कैद आणि 1,000 डॉलरपर्यंत दंड. उद्देश फसवणूक रोखण्याचा असल्याचे सांगितले गेले. परंतु फसवणुकीचा हेतू असला पाहिजे, ही अट कलमात कुठेच नव्हती. आपली अर्धी मराठी कविता टोपणनावांनी लिहिली गेली आहे; ती मंडळी जॉर्जियाच्या राजधानीत, अटलांटात असती आणि त्यांच्याकडे मोडेम असता, तर त्यांचे काय झाले असते, असा विचार हे कलम वाचताना माझ्या मनात आला. त्यातली गंमत म्हणजे, कायद्याला न्यायालयात आव्हान देणाऱ्यांमध्ये मिचेल केय हे त्याच विधानसभेचे सदस्य होते. त्यांचे खाजगी संकेतस्थळ सभागृहाच्या अधिकृत स्थळासारखे भासते, असा आक्षेप आधीच घेतला गेला होता. 20 जून 1997 रोजी न्यायाधीश मार्विन शूब यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीला मनाई केली. छळ किंवा भेदभाव टाळण्यासाठी, किंवा केवळ आपले खाजगीपण जपण्यासाठी नाव लपवणारा माणूसही या जाळ्यात सापडतो, हा त्यांच्या निकालाचा गाभा होता.

योगायोग असा की, त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांनी त्या राज्याचा कायदाही रोखला. मुलांना अपायकारक ठरणारा मजकूर संगणकावरून त्यांच्यापर्यंत पोहोचवणे त्या कायद्याने गुन्हा केले होते. हेतूबद्दल कोणाचे भांडण नव्हते. अडचण अशी की, कॅलिफोर्नियात बसून चित्रे मांडणाऱ्या कलावंताला आपले पान न्यूयॉर्कमधला कोणी उघडतो आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि म्हणून एका राज्याचा कायदा आपोआप सगळ्या देशावर चालणार होता. आंतरराज्य व्यापाराचे नियमन अमेरिकी राज्यघटनेने काँग्रेसकडे, म्हणजे देशाच्या संसदेकडे दिले आहे. त्यावरचा 1959 चा एक खटला मला फार आवडतो: इलिनॉयने ट्रकांना वक्राकार मडगार्ड सक्तीचे केले आणि आर्कान्सासने सरळ, त्यामुळे दोन्ही राज्यांतून जाणाऱ्या ट्रकचालकाला वाटेत मडगार्ड बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जकात नाक्यावर रात्र काढलेल्या कोणाही मराठी वाहतूकदाराला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉयचा नियम तेव्हा फेटाळला होता, आणि प्रेस्काबाईंनी इंटरनेटला रेल्वे आणि महामार्गांच्याच पंक्तीत बसवले.

जॉर्जिया आणि न्यूयॉर्कच्या आमदारांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्या हाती जुनी अवजारे होती आणि मतदारांची भीती खरी होती. पण कोणी काय बोलावे आणि कोणत्या नावाने बोलावे, हे ठरवण्याच्या भरात आपली हद्द कुठे संपते, हा प्रश्न त्यांनी शेवटी ठेवला. कॅलिफोर्नियाने आपल्या रहिवाशापासून सुरुवात केली. कंपनी कुठलीही असो, ती राज्यात धंदा करत असेल तर इथल्या माणसाला तिने पत्र पाठवायचे. अर्थात या कायद्याचा परिणामही सीमेपलीकडे गेलाच. 2005 साली चॉइसपॉइंट या माहिती विकणाऱ्या कंपनीने, ठकांनी आपल्याकडून लोकांच्या नोंदी मिळवल्याचे कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कळवले, तेव्हा इतर राज्यांतले लोक विचारू लागले की आमचे काय. पाठोपाठ सुमारे 1 लाख 45 हजार जणांना कळवण्याचे तिने जाहीर केले. ही कंपनी होती जॉर्जियाची, आणि जॉर्जियानेही त्याच वर्षी तसा कायदा केला. असा कायदा करणारे पन्नासावे, म्हणजे शेवटचे राज्य अलाबामा. त्याला 2018 उजाडले.

आपल्याकडे ही झटापट विधानभवनात झालीच नाही, कारण टपाल, दूरध्वनी आणि बिनतारी संदेश हे विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत टाकले आहेत. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, संगणकावरून 'आक्षेपार्ह' संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे कलम 66 अ मात्र राबवले पोलिसांनी, आणि पोलीस हा राज्याचा विषय. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, एकीने फेसबुकवर लिहिले आणि दुसरीने ते पसंत केले म्हणून, अटक झाली. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. त्या निकालपत्रात, जॉर्जिया आणि न्यूयॉर्कच्या निकालांनंतर सहाच दिवसांनी, 26 जून 1997 रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाचा दाखला आहे; क्लिंटन यांनी सही केलेल्या त्या दूरसंचार कायद्यातली, इंटरनेटवरच्या 'असभ्य' मजकुराविरुद्धची कलमे त्या निकालाने रद्द केली होती. संदिग्ध शब्दांचा दोष दोन्हीकडे सारखाच निघाला.

माहिती फुटल्यास ज्याची त्याला कळवण्याचे बंधन आपल्या 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही घातलेले आहे. मी 2009 मध्ये पुण्याला परतलो. तेव्हापासून माझे आधार, पॅन आणि मोबाइल क्रमांक किती दुकाने, दवाखाने आणि सोसायट्यांच्या वह्यांत गेले, याची मोजदाद नाही. पांढरे पाकीट मात्र अजून एकही आलेले नाही.