मे महिना, पुणे आणि एक अडकित्ता

मुंबईच्या घामाला कंटाळून संध्याकाळची डेक्कन क्वीन पकडली, डायनिंग कारमध्ये चीज टोस्ट हाणला आणि पुण्याला मावशीकडे. दुसऱ्या दिवशी रविवार म्हणजे जुना बाजार (बुधवारीही भरतो), ऊन चढायच्या आत पोचायचं, नाहीतर डोकं उठतं. पितळी अडकित्ता मिळाला, मोराच्या आकाराचा, पात्याला गंज पण खिळा घट्ट, काका भाव सोडेनात पण शेवटी दिला! अडकित्त्यांचं वेड लावून घ्यायचंय तर केळकर म्युझियम बघाच, दिनकर केळकरांनी मुलाच्या, राजाच्या आठवणीत उभारलेलं, एकेक दिवा बघत बसावं. बाहेर पडून आंबा मस्तानी. वरचं आईस्क्रीम आधी संपवतात ते लोक मला कळतच नाहीत.