घर असताना भाड्यानं

गेलं दीड वर्ष आमच्या घरात एकच विषय आहे. डोंबिवली सोडून वेंगुर्ल्याला जायचं का? नवऱ्याच्या कंपनीनं महिन्यातून चारच दिवस ऑफिसला या म्हणून सांगितलं, तेव्हापासून हे खूळ शिरलं. माझं काम जीएसटीचं. बावीस क्लायंट, सगळं लॅपटॉपवर. मोठा सातवीत, धाकटी दुसरीत, सासूबाई बहात्तरच्या. आणि वेंगुर्ल्यापासून आठ किलोमीटरवर सासऱ्यांचं कौलारू घर, वर्षातले साडेतीनशे दिवस कुलुपात.

मी हिशोबाची बाई, म्हणून एक्सेल उघडली. एका रकान्यात डोंबिवली, दुसऱ्यात वेंगुर्ला. डोंबिवलीच्या घरभाड्यासमोर १९,०००, वेंगुर्ल्यासमोर ०. त्या शून्यावर नवरा एवढा खूष होता की बाकीच्या ओळी त्यानं वाचल्याच नाहीत. मीही त्या शून्याकडे नीट बघितलं नाही, हेही खरं.

कोकणातल्या घराबद्दल घाटावरच्या मैत्रिणींना सांगायला गेलं की त्यांना वाटतं घर आहे म्हणजे आहे. तसं नसतं. आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. त्यातली सहा माणसं वारलेली, त्यांच्या वारसनोंदी झालेल्या नाहीत. दोघांचा पत्ताच कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं बडोद्याला असतात. गणपतीला सगळी भावकी त्या घरात जमते, पाच दिवस एकाच पंगतीत जेवते, आणि सहाव्या दिवशी कुलूप लागतं. किल्ली शेजारच्या काकींकडे. तीन वर्षांपूर्वी नवऱ्यानं मागीलदारी एक संडास-बाथरूम बांधायचं काढलं. चिरे येऊन पडले, गवंडी ठरला, आणि त्याच संध्याकाळी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका चुलत दिरांचा मेसेज आला: ‘सामायिक जागेत कुणी एकट्याने बांधकाम करू नये.’ खाली हात जोडल्याची खूण. ते दीर स्वभावानं वाईट नाहीत. आज बाथरूम, उद्या खोली, परवा घर यांचंच, ही भीती त्यांना आहे, आणि कोकणात ती अगदीच खोटी नसते. ते चिरे अजून तिथेच आहेत. त्यांच्यावर आता शेवाळ धरलंय.

तरीही आम्ही म्हणत होतो, जाऊ, सांभाळून घेऊ. मे महिन्यातलं आणि गणपतीतलं कोकण बघून ठरवू नकोस, पावसात राहून बघ, असं मला दोघीतिघींनी सांगितलं होतं. म्हणून यंदा जुलैत मी आणि सासूबाई अशा दोघीच सोळा दिवस जाऊन राहिलो. मुलांची शाळा होती, ती बापाकडे. निमित्त गळणाऱ्या कौलांचं.

पाऊस काय असतो ते मी लिहीत बसत नाही. कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते एवढं सांगितलं तरी बायकांना कळेल. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, त्यामुळे ‘कोकणात मजा आहे, रोज ताजे मासे’ म्हणणाऱ्यांनी जुलैत यावं आणि सुका बांगडा चुलीत भाजून खावा. (मला तो आवडतो. पण सोळा दिवस नाही.)

२० तारखेला खरी मजा झाली. त्या दिवशी ‘थ्री-बी’ची, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नची, शेवटची तारीख. माझी अठरा रिटर्न्स आधीच भरून झाली होती, चार उरली होती, कारण चार क्लायंट नेहमीच शेवटच्या दिवशी जागे होतात. सकाळी साडेअकराला वीज गेली. फोनच्या हॉटस्पॉटवर काम चालेल म्हटलं, तर घरात रेंजच नाही. रेंज होती खळ्याच्या कोपऱ्यात, माडाखाली, दोन काड्या. तिथे कपडे धुवायचा दगड आहे. त्यावर पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप, आणि सासूबाई मागे मोठी काळी छत्री धरून उभ्या. रिटर्न फाइल करताना ओटीपी येतो तो क्लायंटच्या मोबाइलवर. क्लायंट डोंबिवलीत, दुकानात. मी फोन लावला की तो सांगायचा, ‘ताई, लिहून घ्या, चार, सात, शून्य, दोन...’ आणि फोन कट. पुन्हा लावेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. असं तीनदा. चौथ्यांदा त्याला म्हटलं, बाबा रे, बोलू नकोस, मेसेज टाक. बॅटरी अकरा टक्क्यांवर असताना तिसरं रिटर्न गेलं. चौथं राहिलंच. दिवसाला ५० रुपये लेट फी. ती मी माझ्या खिशातून भरली, क्लायंटला सांगितलंही नाही. पैशांचं काही नाही, पण बारा वर्षांत माझ्या हातून एकही तारीख चुकली नव्हती.

सासूबाई तासभर छत्री धरून उभ्या होत्या. एका शब्दानं काही बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या रात्री. वीज अजून आली नव्हती, आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. मी आपलं सहज म्हटलं, ‘आई, इन्व्हर्टर बसवू, वायफाय घेऊ, होईल सगळं. तुम्हालाही बरं, आपल्या घरात.’

‘माका कोणी इचारल्यानी?’ त्या म्हणाल्या.

मी गप्प. खरंच कुणी विचारलं नव्हतं. दीड वर्ष आम्ही ‘आईंना गावची हवा मानवेल’ हा मुद्दा नवऱ्याच्या बाजूला लिहीत होतो. त्या १९७३ साली लग्न होऊन या घरात आल्या. सासरे परळला गिरणीत, या इथे सासू, जावा आणि चार म्हशींबरोबर आठ वर्षं. १९८१ साली लालबागच्या एका खोलीत राहायला गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार बंद, घरात दोन पोरं, गावाकडून बोलावणं आलं, परत या म्हणून. त्या गेल्या नाहीत. पापड लाटले, दुसऱ्यांची भांडी घासली, पण परत आल्या नाहीत. हे मला तुकड्यातुकड्यानं माहीत होतं. का आल्या नाहीत, ते त्या रात्री कळलं.

‘ती बाव बघलंस मा? उतारार आसा ती. चार कळश्यो नि एक हंडो, सकाळी. तेवढ्योच सांजेक. हो पोटात होतो तेवापण.’ बाव म्हणजे विहीर, आणि हो म्हणजे माझा नवरा. ‘लालबागेत नळ मोरीत होतो. पयल्या दिवशी मी तो नुसतो उघडून बघी होतंय.’

आता घरात पंप आहे, पाणी वर चढतं. पण वीज गेली की पंप बंद, हे त्या दिवशी दुपारी मीच अनुभवलं होतं. बावीवरून दोन कळश्या मीच आणल्या होत्या आणि त्यांनी ते छत्रीखालून बघितलं होतं.

‘त्या घरात मी जावचंय नाय,’ त्या म्हणाल्या. ‘वेंगुर्ल्याक येयन. त्या घरात नाय.’

हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वेंगुर्ला म्हणजे ते घर, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग मी पुन्हा एक्सेल उघडली आणि त्या शून्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं.

शाळेचं मला वाटलं होतं तेवढं अवघड निघालं नाही. बोर्ड तेच, पुस्तकं बालभारतीची. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून बोर्डाचा कोकण विभाग २०१२ पासून वेगळा झाला, तो दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिला असतो. अकरावी-बारावी आणि पुढे पदवीलाही खर्डेकर महाविद्यालय गावातच आहे. पण निकालाची यादी आणि जनगणना मी शेजारी शेजारी ठेवून बघितली (सवय). सिंधुदुर्गात २००१ साली ८,६८,८२५ माणसं होती, २०११ साली ८,४९,६५१. सगळा देश वाढत होता आणि हा जिल्हा कमी होत होता. पहिली आलेली पोरं जातात कुठे, ते आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या पाट्या वाचल्या तर कळतं: परब, सावंत, नाईक, गावडे. मोठाही पाच वर्षांनी जाणारच. नवरा म्हणतो, जाईना, पाच वर्षं तर पोहेल. या मुद्द्यावर आमचं भांडण मिटलेलं नाही.

दवाखान्याचं मात्र माझ्या मनातून जात नाही. अकराव्या दिवशी सासूबाईंना रात्री चक्कर आली. काकींच्या मुलानं रिक्षा काढली, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलेसे, पण नीट तपासलं, ईसीजी काढला, बीपीच्या गोळीचा डोस बदलला. मी विचारलं, काही मोठं निघालं असतं तर? ‘बांबोळी,’ ते म्हणाले. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलंय, तरी सिंधुदुर्गात गंभीर म्हटलं की लोकांच्या तोंडी अजून बांबोळीच, म्हणजे गोव्याचं मेडिकल कॉलेज. रात्री, पावसात, दीड-दोन तास. हे गणित मी कुठल्या रकान्यात लिहिणार? लिहिलं नाही. गावाबाहेर नको, दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी जागा हवी, एवढंच ठरवलं.

भाड्याची खोली बघतोय म्हटल्यावर गावात जे व्हायचं ते झालं. काकी नवऱ्याला फोनवर म्हणाल्या, ‘घर आसताना भाड्यान रवतलंस? लोक काय म्हणतले?’ भावकीच्या ग्रुपवर तीन दिवस शांतता होती. मग ज्या दिरांनी बाथरूम थांबवलं होतं, त्यांचाच नवऱ्याला फोन आला. गणपती मात्र मूळ घरातच बसवायचा ना, एवढंच विचारलं. नवरा हो म्हणाला. तेव्हापासून ते एकदम मोकळे झालेत. परवा त्यांनी कुडाळ स्टेशनवरून येणाऱ्या एसटीची वेळ स्वतःहून पाठवली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचहीजण जाऊन तीन जागा बघितल्या. पहिली समुद्राजवळ, नवऱ्याला आणि पोरांना पसंत. दुसरी विसरा. तिसरी बाजाराच्या मागे, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खिडकीतून समोरच्या किराणा दुकानाची पाटी दिसते आणि समुद्र अजिबात नाही. भाडं ७,५००. दवाखाना चालत सात मिनिटं. मी फोनची रेंज बघत खोल्यांतून फिरत होते, चार काड्या होत्या. पोरं जिन्यावर. नवरा मालकांशी डिपॉझिटचं बोलत होता.

सासूबाई कुठे म्हणून बघितलं तर त्या मोरीत. नळ सोडला होता, पाण्याखाली हात धरला होता.

‘मे म्हयन्यात पाणी येता?’ त्यांनी आतूनच मालकांना विचारलं.

‘येता. एक दिवसाआड.’

‘किती वाजता?’

‘सकाळी साडेसा.’

त्यांनी नळ बंद केला, मोरीच्या वरचा माळा मान वर करून बघितला, हातानं अंदाज घेतला.

‘हयसर एक मोठी टाकी रवात,’ त्या मला म्हणाल्या. ‘पाश्शे लिटरची. आधी ती बघ, मगे पैशे दी.’